रॉकेट उडण्याआधी वहीत काय लिहायचं?

२१ ऑक्टोबर २०२३. शनिवार, नवरात्राची सातवी माळ. सकाळी साडेसातला मी आमच्या विभागाच्या सेमिनार हॉलमध्ये प्रोजेक्टरच्या वायरींशी झटापट करत होते. इस्रोच्या गगनयानची टीव्ही-डी१ ही उड्डाण चाचणी त्या दिवशी होती. ती थेट दाखवायची, आणि त्या निमित्ताने पदवीच्या मुलांना संशोधनाची थोडी गोडी लावायची, असा बेत होता. सुट्टी असूनही साठेक मुलं आली. मी खूश.

उड्डाणाची वेळ होती आठची. ती साडेआठ झाली, मग पावणेनऊ. शेवटी काउंटडाउन सुरू झालं. सगळा हॉल मोठ्याने आकडे म्हणत होता. दहा, नऊ, आठ, सात, सहा, पाच... आणि घड्याळ थांबलं. रॉकेट जागेवरच. थोड्या वेळाने इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ पडद्यावर आले आणि त्यांनी शांतपणे सांगितलं, की इंजिनाचं प्रज्वलन ठरल्याप्रमाणे झालेलं नाही, यान सुरक्षित आहे, काय झालं ते आम्ही बघतो.

हॉलमध्ये एकच सूर, "जाऊ द्या, फेल झालं." पाच मिनिटांत अर्धा हॉल रिकामा. कॅन्टीनला उपवासाची खिचडी होती, ती रॉकेटपेक्षा भरवशाची निघाली. इस्रोने अडचण शोधली, दूर केली, आणि बरोबर दहा वाजता टीव्ही-डी१ उडालं. सगळी चाचणी साधारण नऊ मिनिटांत नीट पार पडली. ती बघायला आमच्या हॉलमध्ये अकरा जण उरले होते, मी धरून.

घरी जाताना मी मुलांवर चिडले होते. दोन दिवसांनी लक्षात आलं, की चूक माझी होती. मी त्यांना तमाशा बघायला बोलावलं होतं. तमाशा थांबला, ते उठून गेले. त्यांच्या हातात स्वतःचा एकही प्रश्न नव्हता. ज्याच्याकडे प्रश्न असतो, तो पाच सेकंदांवर थांबलेल्या घड्याळासमोरून हलूच शकत नाही.

आता गगनयानचं पहिलं मानवरहित कक्षीय उड्डाण, जी-१, समोर आहे. तुमच्यापैकी बरेच जण पीएचडीची, नेटची किंवा एखाद्या प्रोजेक्टच्या मुलाखतीची तयारी करताय. म्हणून यावेळी उड्डाणाच्या आधीच लिहितेय. मुद्दा एकच आहे. उड्डाण चाचणी म्हणजे एक प्रयोग. आणि प्रयोग बघायचा असेल तर तो होण्याआधी काहीतरी लिहून ठेवावं लागतं.

चाचणी म्हणजे नेमकं काय विचारायचं?

बातम्यांमध्ये प्रत्येक चाचणी सारखीच दिसते. धूर, ज्वाळा, टाळ्या, अभिनंदन. पण प्रत्येक चाचणीमागे एक वेगळा प्रश्न असतो आणि तो मुद्दाम लहान ठेवलेला असतो. भारतीय माणसाला भारतीय यानातून अवकाशात पाठवून परत आणायच्या वाटेवरचे काही टप्पे बघा:

• जानेवारी २००७, एसआरई-१. पीएसएलव्हीने ५५० किलोची एक कुपी कक्षेत नेली. १० तारखेला गेली, २२ तारखेला बंगालच्या उपसागरात उतरली. प्रश्न: कक्षेत गेलेली वस्तू न जळता परत आणता येते का?

• १८ डिसेंबर २०१४, एलव्हीएम३-एक्स. या रॉकेटचा वरचा क्रायोजेनिक टप्पा त्या दिवशी चालणारा नव्हता, नुसता वजनाला होता. पावणेचार टनांच्या आसपासचं क्रू मॉड्यूल १२६ किलोमीटर उंचीवर गेलं आणि अंदमानजवळच्या समुद्रात उतरलं. प्रश्न: माणसं मावतील एवढं मोठं मॉड्यूल वातावरणात शिरताना नीट वागतं का?

• ५ जुलै २०१८, पॅड अबॉर्ट टेस्ट. रॉकेट तळावर उभं असतानाच काही बिघडलं तर? सुटका-यंत्रणेने मॉड्यूल ओढून दूर नेलं. सगळा खेळ २५९ सेकंदांचा, आणि तो टिपायला जवळपास ३०० सेन्सर.

• १८ नोव्हेंबर २०२२, झाशीजवळचं बबीना. हवाई दलाच्या आयएल-७६ विमानातून पाच टनांचं वजन अडीच किलोमीटरवरून टाकलं. प्रश्न: मुख्य पॅराशूटांपैकी एक उघडलंच नाही तर?

• २१ ऑक्टोबर २०२३, टीव्ही-डी१. प्रश्न: रॉकेट ध्वनीपेक्षा वेगाने जात असताना सुटका करायची वेळ आली तर? मॅक १.२ च्या आसपास, पावणेबारा किलोमीटर उंचीवर.

• २४ ऑगस्ट २०२५, एअर ड्रॉप टेस्ट. सुमारे ४.८ टनांचं नमुना मॉड्यूल चिनूक हेलिकॉप्टरमधून तीनेक किलोमीटरवरून सोडलं. प्रश्न: पॅराशूटांची पूर्ण साखळी एकापाठोपाठ एक नीट उघडते का?

ही यादी पाठ करू नका. तिच्याकडे लिटरेचर रिव्ह्यूसारखं बघा. आधी काय काय झालंय हे एका ओळीत एकेक लिहिलं, की न झालेलं आपोआप दिसायला लागतं. कक्षेतून परत येणं तपासलं गेलं, पण ५५० किलोच्या कुपीवर. मोठं मॉड्यूल तपासलं गेलं, पण ते कक्षेत गेलंच नव्हतं. सुटका तपासली, पॅराशूट तपासले, पण सुटे सुटे. मोठं मॉड्यूल कक्षेत जाऊन, तिथे राहून, पूर्ण वेगाने परत येऊन, सगळ्या यंत्रणा ओळीने चालवत समुद्रात उतरणं, हे अजून झालेलं नाही. जी-१ चा प्रश्न तोच आहे.

मुलाखतीत तुम्हाला 'तुमच्या विषयातली रिसर्च गॅप काय' असं विचारतात ना? ती शोधायची रीत हीच. 'यावर फारसं काम झालेलं नाही' असं म्हणणं म्हणजे गॅप नव्हे. 'हे झालंय, तेही झालंय, पण दोन्ही एकत्र, या वजनाला, या वेगाला झालेलं नाही' हे म्हणणं म्हणजे गॅप.

किती फरक पडतो? सिलिंडरमध्ये मोजू

टीव्ही-डी१ यशस्वी झालंय, एअर ड्रॉपही झालंय, मग जी-१ मध्ये एवढं काय उरलं, असं मला एका मित्राने विचारलं. उत्तर द्यायला बारावीचं भौतिकशास्त्र पुरतं.

गतिज ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. पृथ्वीच्या जवळच्या कक्षेतला वेग सेकंदाला साधारण ७.७ किलोमीटर. म्हणजे दर किलोमागे जवळपास ३० मेगाज्यूल. एक किलो पाणी नेहमीच्या तापमानापासून उकळून त्याची पूर्ण वाफ करायला अडीच मेगाज्यूलच्या आसपास लागतात. तेव्हा मॉड्यूलच्या प्रत्येक किलोत साडेअकरा लिटर पाण्याची वाफ करण्याएवढी ऊर्जा आहे.

आता मॉड्यूल पाच टनांचं धरू. एकूण ऊर्जा दीडशे गिगाज्यूलच्या घरात. घरगुती गॅस सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि तो पूर्ण जाळला तर ६५० मेगाज्यूलच्या आसपास उष्णता मिळते. भागाकार केला तर सव्वादोनशे सिलिंडर येतात. एवढी ऊर्जा मॉड्यूलला काही मिनिटांत टाकून द्यायची आहे, आणि आत माणसं बसवायची आहेत.

हेच गणित टीव्ही-डी१ चं करा. वेग सेकंदाला साडेतीनशे मीटर, वस्तुमान साडेचार टन. वेगाची ऊर्जा अर्ध्या सिलिंडरपेक्षाही कमी. उंचीमुळे असलेली ऊर्जा मिळवली तरी सव्वाएक सिलिंडर. दोन्ही बातम्यांचा मथळा 'गगनयानची यशस्वी चाचणी' असाच असणार, पण एकीकडे सव्वा सिलिंडर आणि दुसरीकडे सव्वादोनशे.

याचा अर्थ टीव्ही-डी१ सोपं होतं असा मात्र नाही. तिथली अडचण उष्णतेची नव्हती, हवेच्या दाबाची होती. त्या उंचीवर, त्या वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा गतिज दाब काढला तर दर चौरस मीटरला सुमारे दोन टन वजन ठेवल्यासारखा येतो. एवढ्या दाबात मॉड्यूलला रॉकेटपासून खेचून लांब न्यायचं. प्रश्न वेगळा म्हणून चाचणी वेगळी.

मग सव्वादोनशे सिलिंडरांची उष्णता जाते कुठे? बरीचशी हवेत जाते. मॉड्यूलचा खालचा भाग टोकदार न ठेवता बोथट, बशीसारखा ठेवतात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ज्युलियन ॲलन यांनी हे मांडलं तेव्हा ते उलटंच वाटत होतं, कारण तोपर्यंत वेगवान म्हणजे टोकदार असा सगळ्यांचा समज. पण बोथट आकारापुढे हवेची एक आघात-लाट तयार होते आणि ती पृष्ठभागापासून थोडी लांब उभी राहते. उष्णता तिथे हवेत निर्माण होते आणि हवेबरोबरच बाजूने निघून जाते. समजा शंभरातला एकच हिस्सा मॉड्यूलवर आला, तरी दोन सिलिंडर जळाल्याएवढी उष्णता काही मिनिटांत त्या बशीवर येणार. हीट शील्डचं काम तिथे सुरू होतं.

तीन पॅराशूट, दोन पॅराशूट, एक पॅराशूट

आणखी एक गणित करू, कारण याचं उत्तर तुम्हाला उड्डाणाच्या दिवशी ताडून बघता येईल.

गगनयानच्या मॉड्यूलवर एकूण दहा पॅराशूट आहेत, चार प्रकारचे. दोन वरचं झाकण काढायला, दोन ड्रोग वेग मोडून मॉड्यूल स्थिर करायला, तीन पायलट पॅराशूट मुख्य पॅराशूटांना बाहेर ओढायला, आणि तीन मुख्य. मुख्य पॅराशूटचा व्यास २५ मीटर. ते बनवण्यात आग्र्याच्या एडीआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे.

पॅराशूटखाली स्थिर वेगाने उतरताना वजन आणि हवेचा विरोध सारखे असतात. मॉड्यूल ४.८ टन, हवेची घनता घनमीटरला १.२ किलो, आणि विरोधाचा गुणांक ढोबळपणे ०.८ धरा. तीन पॅराशूट उघडले तर वेग येतो सेकंदाला ८.२ मीटर. इस्रोने सांगितलेला सुरक्षित वेग आठाच्या आसपासच आहे, म्हणजे आपलं पाठकोऱ्या कागदावरचं गणित फार चुकलेलं नाही. दोन पॅराशूटवर वेग १० मीटर, आणि एकावर १४ च्या थोडा वर.

८, १०, १४. कानाला फारसा फरक वाटत नाही ना? मग प्रश्न असा विचारा: हा वेग येण्यासाठी एखादी वस्तू किती उंचीवरून सोडावी लागेल? तीन पॅराशूट म्हणजे ३.४ मीटरवरून पडणं, साधारण पहिल्या मजल्याची बाल्कनी. दोन म्हणजे ५.१ मीटर. एक म्हणजे १०.२ मीटर, तिसऱ्या मजल्याच्याही वर. आणि खाली पाणी असलं तरी इतक्या वेगाला पाणी काही मऊ नसतं.

आता कळतं, की दोनावर भागावं अशी रचना का केली, तिसरा जास्तीचा का ठेवला, आणि बबीनाला 'एक उघडला नाही' अशी अवस्था मुद्दाम घडवून का बघितली. आकडा तोच, पण तो कुठल्या रूपात मांडायचा हे ठरवणं हाही संशोधनाचाच भाग आहे. प्रबंधात तुमचा मार्गदर्शक पन्नासदा विचारेल, "याचा अर्थ काय?" तेव्हा बाल्कनी आठवा.

यशस्वी म्हणजे काय?

इथे दोन गोष्टी सांगते. दोन्ही अमेरिकेतल्या.

पहिली आर्टेमिस-१. १६ नोव्हेंबर २०२२ ला नासाचं ओरायन यान माणसांशिवाय निघालं, चंद्राला वळसा घालून ११ डिसेंबरला प्रशांत महासागरात उतरलं. सगळीकडे टाळ्या. मग हीट शील्ड तपासलं तर शंभराहून जास्त ठिकाणी जळलेल्या थराचे तुकडे अपेक्षेपेक्षा वेगळ्या तऱ्हेने निघून गेले होते. आत माणसं असती तर ती सुखरूप राहिली असती, कारण आतलं तापमान ठीक होतं. तरी नासाने कारण शोधायला दोन वर्षं घालवली आणि ते डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलं.

कारण मोठं गमतीचं आहे. शील्डचा पदार्थ तापला की आत वायू तयार होतो. तो बाहेर पडायला वाट लागते, आणि वरचा थर पुरेसा जळून सच्छिद्र झाला की ती वाट तयार होते. जमिनीवरच्या चाचण्यांत उष्णता प्रत्यक्षापेक्षा जास्त दिली होती, त्यामुळे थर छान जळत होता, वायू निघून जात होता, सगळं बरं दिसत होतं. प्रत्यक्ष उड्डाणात यान वातावरणात शिरून, थोडं वर येऊन, परत शिरलं. मधल्या काळात उष्णता कमी होती. थर पुरेसा जळला नाही, वायू मात्र आत तयार होत राहिला, कोंडला, आणि भेगा पडल्या. 'जास्त कडक परीक्षा घेतली म्हणजे सोप्या परीक्षेत पास होणारच' हे गृहीतक तिथे चुकलं. आपण किती वेळा असं गृहीत धरतो!

दुसरी गोष्ट बोइंगच्या स्टारलायनरची. २० डिसेंबर २०१९ ला मानवरहित चाचणीत रॉकेटने आपलं काम चोख केलं, पण यानाने रॉकेटकडून वेळ घेताना चुकीचा आकडा उचलला. यानाचं घड्याळ ११ तासांनी चुकलं. यानाला वाटलं आपण प्रवासात बरेच पुढे आलोत. त्याने भलत्याच वेळी इंधन खर्च केलं आणि अवकाश स्थानकाला जोडणं रद्द करावं लागलं. नंतर पुढे आलं, की सॉफ्टवेअर तुकड्या-तुकड्यांत तपासलं होतं, उड्डाणापासून जोडणीपर्यंत सलग चालवून बघितलं नव्हतं.

एक चाचणी 'यशस्वी', एक 'अपयशी'. पण दोन्हींतून जे कळलं ते आधी कोणाला माहीत नव्हतं, आणि ते माणसं बसवायच्या आधी कळलं. जी-१ कडे मी याच नजरेने बघणार आहे. सगळे सुटे भाग पास झालेत. आता ते ओळीने चालतात का, आणि जमिनीवर केलेले अंदाज कक्षेतून येताना टिकतात का?

माझा 'यशस्वी' प्रयोग

दुसऱ्यांच्या चुका सांगणं सोपं असतं, म्हणून आता माझी.

माझं काम उष्णतारोधक पदार्थांवर आहे. अवकाशयानाशी थेट संबंध नाही, पण पदार्थ तापला की आत काय होतं हा प्रश्न तोच. पहिल्या वर्षी माझा पहिला मोठा प्रयोग होता. नमुना भट्टीसमोर ठेवायचा, आत चार ठिकाणी थर्मोकपल लावायचे, तापमान नोंदवायचं. भट्टी दुसऱ्या विभागाची, तारीख मिळायला दोन महिने थांबले होते. प्रयोग झाला. नमुना टिकला, काही फुटलं नाही, सगळ्यांनी हात मिळवले. मी घरी फोन करून सांगितलं, "आई, प्रयोग यशस्वी झाला."

आठवड्याने आलेख काढायला बसले. मला जे बघायचं होतं, म्हणजे पृष्ठभागाचा थर बदलताना तापमानाची चाल कशी वाकते, ते सगळं पहिल्या चार-पाच सेकंदांत घडून गेलं होतं. आणि मी नोंद ठेवली होती दर दहा सेकंदांनी. उपकरण तसंच लावलेलं होतं, मी बदललं नव्हतं. सरांनी आलेख बघून एकच विचारलं, "काय दिसेल असं तुला वाटलं होतं? लिहिलंयस कुठे?"

लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं की 'बदल पाच सेकंदांत होईल', तर दहा सेकंदांची नोंद पुरणार नाही हे तिथेच कळलं असतं. भट्टीची पुढची तारीख मिळेपर्यंत सहामाही संपली. पॅड अबॉर्टचे २५९ सेकंद आणि ३०० सेन्सर हे आकडे वाचले की मला अजून ती दुपार आठवते. काय शोधायचं हे कोणीतरी आधी बसून ठरवलं होतं, म्हणून ते सेन्सर तिथे होते.

तर मग वहीत काय लिहायचं?

जी-१ च्या आधी तीन ओळी, नंतर तीन ओळी. एवढंच.

आधी:
१. माझा प्रश्न. एकच, आणि लहान.
२. माझा अंदाज. शक्यतो आकड्यात.
३. काय दिसलं तर माझा अंदाज चुकला असं मी मान्य करीन.

नंतर:
४. प्रत्यक्ष काय दिसलं.
५. फरक किती आणि तो कुठून आला असावा.
६. आता पुढचा प्रश्न काय.

तिसरी ओळ सगळ्यात अवघड. मुलं नेमकी तीच कोरी सोडतात. पण तिच्याशिवाय दुसरी ओळ म्हणजे नुसती हौस. निकाल लागल्यावर 'मला वाटलंच होतं' असं म्हणायची सोय आपण सगळेच ठेवून असतो, ती सोय ही ओळ काढून घेते.

प्रश्न रॉकेटवाल्यांनीच विचारायचे असतात असंही नाही. यांत्रिकीची मुलं उतरण्याचा वेग मांडू शकतात. थेट प्रक्षेपणात पडद्यावर उंची आणि वेग येत राहतो. दर दहा सेकंदांनी दोन आकडे लिहून काढा, घरी आलेख काढा, टप्पा बदलताना चढ कसा मोडतो ते दिसेल. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी विचार करावा, की परत येताना यानाभोवती तापलेल्या आयनीभूत वायूचं आवरण तयार होतं तेव्हा रेडिओ संपर्क किती वेळ तुटेल. कॉम्प्युटरवाल्यांसाठी स्वयंचलित थांबण्याचा प्रश्न आहे. जीवशास्त्रवाल्यांसाठी व्योममित्र आहे: या मोहिमेत माणसाऐवजी अर्धमानवी रोबो बसवायचं ठरलंय. तर माणसाच्या शरीराबद्दल तिच्याकडून काय कळू शकेल आणि काय कधीच कळणार नाही? आणि समाजशास्त्र, पत्रकारिता शिकणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशीची पाच वर्तमानपत्रं घेऊन 'यशस्वी' हा शब्द प्रत्येकाने कशाच्या आधारावर वापरलाय ते बघावं. तोही चांगला छोटा प्रकल्प होईल.

राहिला प्रश्न तारखेचा. माणसाला २०२२ पर्यंत पाठवू असं १५ ऑगस्ट २०१८ ला जाहीर झालं होतं. जी-१ च्या रॉकेटची जुळणी श्रीहरिकोटाला १८ डिसेंबर २०२४ ला सुरू झाली, २०१४ च्या त्या चाचणीला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी. तारखा पुढे सरकत आल्यात आणि पुन्हाही सरकतील. मुलं विचारतात, "ताई, नक्की कधी?" मी म्हणते, प्रत्येक वेळी तारीख सरकली की वहीत तारीख आणि सांगितलेलं कारण लिहा. वर्षभरात तुमच्याकडे एक यादी होईल आणि मोठं काम नेमकं कुठे अडतं हे तुम्हाला पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त कळेल. पीएचडी करायला निघालेल्यांनी तर हे आत्ताच शिकून घ्यावं. आपलीही तारीख सरकणारच आहे.

वर्गात हे करायचं असेल तर उड्डाणाच्या आदल्या दिवशी अर्धा तास पुरतो. मुलांना चिठ्ठ्या द्या, पहिल्या तीन ओळी लिहून घ्या, नाव घालून फळ्यावर चिकटवा. बस. स्वतःचा आकडा भिंतीवर लागलेला असला की माणूस खिचडी खायला जात नाही.

टीव्ही-डी१ च्या दिवशी जे उरले होते त्यात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. घड्याळ थांबल्यावर तिने मला विचारलं होतं, "ताई, पाच सेकंद आधी थांबायचं हे कोण ठरवतं? माणूस की मशीन?" मला तेव्हा उत्तर नीट देता आलं नव्हतं. शेवटच्या टप्प्यात सूत्रं स्वयंचलित यंत्रणेकडे असतात. ती एकेक गोष्ट तपासत जाते आणि एखादी ठरल्याप्रमाणे नसली की कोणालाही न विचारता थांबते. त्या दिवशी अडचण देखरेखीच्या यंत्रणेतल्या एका विसंगतीची होती, रॉकेट शाबूत होतं. म्हणजे हॉलमधली मुलं ज्याला 'फेल' म्हणत उठली, ते यंत्रणेने आपलं काम बरोबर केल्याचं लक्षण होतं.

ती मुलगी आता एमटेकला आहे. परवा तिने तिच्या वहीचा फोटो पाठवला. पहिली ओळ: 'जी-१ चं काउंटडाउन शेवटच्या दहा मिनिटांत थांबेल का?' दुसरी: 'हो, एकदा.' तिसरी ओळ अजून कोरी आहे. मी तिला तेवढंच कळवलं, की ती भरल्याशिवाय झोपू नकोस.